पहिला आधी की तिसरा?

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक पाकीट निघालं आणि मागचा पत्ता वाचूनच तुमचा काका खूश झाला. मुक्काम पोस्ट बार्शीटाकळी, जिल्हा अकोला! अहो, हे तर माझंच गाव. पत्र कुणाचं ते सांगत नाही, कारण तळाशी लिहिलंय, "नाव छापू नका, दादा चिडते." पण मजकूर मात्र तिच्याच भाषेत वाचा:

"काका, आमच्या घरी गेमवरून लय भांडण लागलं हाये. मी सातवीत, दादा दहावीत. बाबांनी कबूल केलं, बोर्डाचा शेवटचा पेपर झाला का त्यांचा जुना फोन आमचा. रोज एक तास. आम्हाले जपानी गोष्टीवाले गेम खेळाचे हायेत. दादा म्हनते, फायनल फँटसी एक नंबरपासून सोळा नंबरपर्यंत लायनीनं खेळाची, मधातून सुरू केलं तर काही समजत नाही. माझं म्हननं हाये का चांगला असन थो आधी घेऊ. जूनमध्ये दादा लातूरले शिकाले जाते. सोळावा येईस्तोवर थो इथं राहीनच नाही. मंग मी एकटीनं खेळू काय?"

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हीही वाचा. भांडण गेमचं दिसतं खरं, पण या मुलीचा हिशेब वेगळाच आहे. तिच्याकडे गेम पुष्कळ आहेत, दादा मात्र दोनच महिने आहे. तेव्हा आज जरा नीट विचार करूनच उत्तर देऊ या.

आधी ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी, आणि हो, हे पान चोरून वाचणाऱ्या आई-बाबांसाठीसुद्धा, थोडी ओळख. यात मोटार पळवायची नसते की बंदूक झाडायची नसते. गोष्टीतलं एक पात्र आपण व्हायचं. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, सोबती जमवायचे, राक्षसांशी लढून हळूहळू ताकद वाढवायची. लढाईसुद्धा जुन्या खेळांत बुद्धिबळासारखी: आपली पाळी आली की विचार करा आणि मग डाव टाका. २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा असा खेळ आला. रचना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामांची. हो, तेच ते 'ड्रॅगन बॉल'वाले! पुढच्याच वर्षी डिसेंबरात हिरोनोबू साकागुची यांची 'फायनल फँटसी' आली. एकीची कंपनी एनिक्स, दुसरीची स्क्वेअर. वर्षानुवर्षं दोघींची चढाओढ चालली आणि २००३ साली दोघी एकत्र येऊन स्क्वेअर एनिक्स झाल्या! तुमच्या ओळखीचा पिकाचूवाला पोकेमॉन, तोही मुळात १९९६ सालचा याच जातीचा खेळ.

आता दादाचा बेत गणितानं तपासू. वही काढा. फायनल फँटसीचे मुख्य क्रमांक सोळा. त्यातले अकरावा आणि चौदावा हे दरमहा वर्गणीचे ऑनलाइन खेळ, ते बाजूला ठेवा. उरले चौदा. एकेकाला तीस तास धरू. काहींना याहून कितीतरी जास्त लागतात, पण दादाच्या बाजूनं जरा ढील देऊ. चौदा गुणिले तीस, झाले ४२० तास. रोज एक तास म्हणजे ४२० दिवस, एक वर्ष आणि वर जवळजवळ दोन महिने. दादाकडे आहेत एप्रिलचे ३० आणि मेचे ३१, एकूण ६१ दिवस. शिवाय सोळावा भाग बाबांच्या जुन्या फोनवर चालणारच नाही. तर दादासाहेब, लायनीनं जाल तर दुसऱ्या-तिसऱ्या स्टेशनावरच लातूरची गाडी येईल!

पण "मधातून सुरू केलं तर काही समजत नाही" हे त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे का? नाही. तेही तपासू. लांबलचक मालिका हातात आली की पहिला प्रश्न असा विचारायचा: यातले भाग एकमेकांना कसे बांधलेत? ढोबळ मानानं तीन प्रकार सापडतात.

पहिला प्रकार म्हणजे सुटे मणी. फायनल फँटसी यातलीच. नाव एक, पण दर क्रमांकाला नवं जग, नवी माणसं, नवी गोष्ट. सातव्या भागातला क्लाउड आठव्यात भेटायला येत नाही. एखाद्या भागाची पुढची गोष्ट काढली तर तिला वेगळंच नाव देतात, जसं दहाव्याच्या पुढे २००३ साली 'टेन-टू' आला. म्हणून इथे सहाव्यापासून सुरुवात केलीत काय नि नवव्यापासून केलीत काय, काही अडत नाही.

गंमत म्हणजे या मालिकेचे आकडेसुद्धा एकेकाळी घोटाळ्याचे होते. जपानमधले काही भाग अमेरिकेत गेलेच नव्हते. त्यामुळे १९९१ साली चौथा भाग तिकडे 'दोन' म्हणून विकला गेला आणि १९९४ साली सहावा भाग 'तीन' म्हणून! १९९७ साली सातवा आला तो मात्र 'सात' म्हणूनच. म्हणजे तिथली मुलं तीनच्या पुढे एकदम सातवर! कुणाचं काही बिघडलं का? उलट त्या सातव्यानंच ही मालिका जगभर गाजवली.

नावावर नि आकड्यावर विसंबू नये हे बार्शीटाकळीच्या मुलांना मी काय सांगावं? आपल्या काळंका देवीच्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. पण तिथल्या शिलालेखात शक आहे १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा. आणि यादवांचा मंत्री हेमाडपंत झाला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. देऊळ आधी, हेमाडपंत नंतर! नाव शैलीला पडलं, काळाला नाही. बघा, तुमच्या गावातच धडा उभा आहे.

दुसरा प्रकार आहे सलग धाग्याचा. 'ट्रेल्स' नावाची मालिका घ्या. फाल्कम या जपानी कंपनीनं २००४ साली तिचा पहिला भाग काढला. त्याची गोष्ट अशा जागी थांबते की दुसऱ्या भागावाचून चैन पडत नाही, आणि तो आला २००६ मध्ये. इंग्रजीत खेळणाऱ्यांना तर पहिला २०११ ला मिळाला आणि दुसरा थेट २०१५ ला. चार वर्षं! पुढे एका देशाची गोष्ट संपली की शेजारच्या देशाची सुरू होते, जुनी माणसं नव्या भागात येतात, मागच्या घटनांचे परिणाम पुढे दिसतात. इथे दादा शंभर टक्के बरोबर. इथे निघाल्या त्या क्रमानंच खेळावं. मात्र बोलणी भरपूर, इंग्रजी भरपूर आणि तासही भरपूर. पाच-सहा वर्षं पुरेल असं हे पीक आहे, दोन महिन्यांत काढता येणार नाही.

"सुइकोडेन" नावाच्या मालिकेत तर याच्याही पुढची गंमत. १९९५ चा पहिला भाग पूर्ण करून त्याची नोंद जपून ठेवली असेल, तर १९९८ च्या दुसऱ्या भागात ती वाचली जायची आणि जुनी माणसं पुन्हा भेटायची. क्रम पाळणाऱ्याला बक्षीसच!

तिसरा प्रकार सगळ्यात मजेदार आहे. भाग एकमेकांना बांधलेले आहेत, पण गोष्टीतला काळ आणि निघण्याचा क्रम एक नाही. ड्रॅगन क्वेस्टचे पहिले तीन भाग असे आहेत. निघाले १९८६, १९८७ आणि १९८८ मध्ये. तिसऱ्याच्या शेवटाकडे एक अशी गोष्ट उलगडते की पहिला भाग खेळलेला मुलगा जागच्या जागी उडी मारतो. काय उलगडतं ते मी सांगणार नाही. कितीही पत्रं लिहा! पण मालिका काढणाऱ्यांनी हे तीन भाग अलीकडे नव्यानं बांधले, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये आधी तिसरा काढला आणि पहिला-दुसरा ऑक्टोबर २०२५ मध्ये. असं का, ते तिसरा संपला की तुमचं तुम्हालाच कळेल.

मग यातला खरा क्रम कोणता? आधी घडलेलं आधी, की आधी सांगितलेलं आधी? हा प्रश्न जपानचा नाही हो, आपल्या आजीचा आहे. महाभारत आठवा. त्यातली पांडवांची कथा कुठे सुरू होते? कुरुक्षेत्रावर नाही, भीष्मांच्या जन्मापासूनही नाही. अर्जुनाचा पणतू जनमेजय यज्ञाला बसलाय आणि वैशंपायन त्याला त्याच्याच पूर्वजांची कथा सांगताहेत. म्हणजे युद्ध झालं, पांडव गेले, त्यांचा नातूही गेला, आणि मग गोष्टीला सुरुवात! सांगणारा कोणती गोष्ट आधी सांगायची नि कोणती झाकून ठेवायची हे ठरवतो, त्यात एक हिशेब असतो. म्हणून बांधलेली मालिका पहिल्यांदा खेळताना, वाचताना, पाहताना ती ज्या क्रमानं सांगितली गेली त्या क्रमानं घ्यावी, असं माझं मत. काळाच्या क्रमानं दुसऱ्या वेळी घ्या. तेव्हा निराळीच मजा येते.

आता एक गोष्ट माझी स्वतःची. मी सहावीत होतो. वाचनालयात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची पुस्तकं ओळीनं होती, फक्त त्यातलं पहिलं म्हणून जे कुणी सांगितलं होतं ते जागेवर नव्हतं. कुणीतरी नेलं होतं ते नेलंच. मी हट्टी. पहिलं मिळेपर्यंत एकालाही हात लावणार नाही! दर शनिवारी जायचो, विचारायचो, रिकाम्या हातानं परत यायचो. माझ्या मित्रानं हाताला लागेल ते उचललं आणि वर्षभरात सगळा फडशा पाडला. फुरसुंगीच्या बनेशनं कुठे काय पराक्रम केला ते तो मधल्या सुटीत सांगायचा आणि मी कानांवर हात ठेवायचो. ते पुस्तक माझ्या हाती पडलं तेव्हा मी दहावीत होतो आणि समोर भूमितीचं पुस्तक उघडं होतं. पुढे कळलं की फास्टर फेणेची साहसं एकेकटी वाचली तरी छान समजतात. सुटे मणीच ते! पुस्तकं मी नंतर वाचली, आवडलीही. पण त्या मित्राबरोबर मधल्या सुटीत करायच्या गप्पा होत्या ना, त्या काही नंतर करता आल्या नाहीत. तोपर्यंत त्याच्या वडिलांची बदली झाली होती.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या मुली, आणि तुझ्या खांद्यावरून हे वाचणाऱ्या दादा, माझा निवाडा ऐका.

फायनल फँटसी सध्या कपाटात राहू द्या. ती सुटी आहे, कुठे पळून जात नाही. तुम्ही ड्रॅगन क्वेस्ट घ्या. नवी बांधणी मोठ्या यंत्रांसाठी आहे, पण या तिन्ही भागांच्या साध्या आवृत्त्या फोनसाठीही निघाल्या आहेत, इंग्रजीतून. आधी पहिला भाग खेळा. दादाचं "एक नंबरपासून" पाळलं गेलं! तो आहेही लहान, दहा-बारा तासांचा. एकच वीर, समोर एका वेळी एकच शत्रू. नवशिक्याला बरा. तो संपला की थेट तिसरा. तुझं "चांगला असन थो आधी" हेही झालं! याला तीसेक तास धरा. इथे चौघांची तुकडी असते आणि सोबत्यांची नावं आपण ठेवायची असतात. आई-बाबांना घ्या तुकडीत! मधला दुसरा भाग वगळला तरी तिसऱ्यातली ती उडी मारायला लावणारी जागा चुकत नाही, कारण तिचा धागा पहिल्याला बांधलेला आहे. दोन्ही मिळून झाले बेचाळीस तास. ६१ मधून उरले एकोणीस दिवस. मे महिना आहे, दोन लग्नं निघतील, मामाकडे जाणं होईल, एखाद्या दिवशी वीज जाईल. तेवढी ढील हवीच.

आणि दुसरा भाग? तो उघडायचाच नाही. तो दिवाळीसाठी ठेवायचा. त्याला साधारण पंधरा-वीस तास लागतात, म्हणजे सुटीत नेमका बसतो. त्यात एकाच वीराच्या वंशातली तीन भावंडं आहेत, तीन वेगवेगळ्या राज्यांत राहणारी. आपण एकटे निघतो आणि आधी आपल्या भावंडांना शोधत हिंडतो. लातूरहून आलेल्या दादाबरोबर खेळायला याहून चांगला भाग मला तरी सापडणार नाही. मात्र अट एकच: तोवर कुणी चोरून सुरू करायचा नाही. लातूरच्या वसतिगृहातसुद्धा नाही. ऐकलंस का रे?

आता, एका फोनवर दोघांनी खेळायचं कसं? हा खेळ बटणं एकानं दाबायचा असला तरी डोकी दोन चालतात. एक चौकडीची वही घ्या. एक जण खेळेल, दुसऱ्यानं नकाशा काढायचा: कोणत्या गुहेत कुठला जिना, कोणत्या गावात कोण काय बोललं. अर्ध्या तासानं अदलाबदल. अडलेला इंग्रजी शब्द वहीच्या मागच्या पानावर. जपानी मुलंही वही घेऊनच बसत. १९८६ च्या त्या पहिल्या खेळात डाव साठवून ठेवायची सोयच नव्हती. थांबताना पडद्यावर वीस अक्षरांचा एक 'मंत्र' यायचा. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तर तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की मंत्र लागू पडायचा नाही आणि कालची सगळी मेहनत पाण्यात! तिसऱ्या भागापासून डाव जपून ठेवायची सोय आली. शुद्धलेखनाचं महत्त्व आमच्या गुरुजींना असं पटवता आलं असतं तर काय बहार झाली असती!

आई-बाबांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. ड्रॅगन क्वेस्टचे फोनवरचे हे भाग एकदाच पैसे भरून घ्यायचे असतात. कुठल्याही अनोळखी जागेवरून 'फुकट' उतरवू देऊ नका, फोनही बिघडतो आणि सवयही. एक तास म्हणजे एक तास. पण घड्याळाचा काटा बाराला लागताच फोन हिसकावू नका, डाव साठवायला पाच मिनिटं द्या. जेवताना विचारा, "आज कुठवर आलात?" तुम्हाला उत्तर कळलं नाही तरी चालेल, विचारलेलं मुलांना आवडतं. आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक ताकीद. तिसरा भाग जपानमध्ये १० फेब्रुवारी १९८८ ला आला, वार बुधवार. दुकानांपुढे मैल मैल रांगा, आणि त्यात शाळा बुडवून आलेली शेकडो मुलं! गवगवा झाला. चौथा भाग काढला तो ११ फेब्रुवारी १९९० ला, रविवारी. "शाळेच्या दिवशी हा खेळ विकायचा नाही असा कायदाच झाला," अशी अफवा मग जगभर पसरली. कायदा काही झाला नव्हता. पण खेळ रविवारचा आणि शाळा सोमवारची, हे तिथल्या मोठ्यांनाही पटलं, एवढं खरं.

बाकीच्या दोस्तांनीही हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. कॉमिक्सची मालिका असो, कादंबऱ्यांची असो नाहीतर सिनेमांची. एक, भाग सुटे आहेत की बांधलेले? दोन, माझ्याकडे वेळ किती आणि साधन कोणतं? आणि तीन, सोबत कोण आहे, आणि ते किती दिवस आहे? पहिल्या दोघांची उत्तरं कुणीही सांगेल. तिसऱ्याचं तुम्हालाच ठाऊक असतं.

आमच्या स्टेशनावरून अकोला-पूर्णा लहान गाडी जायची तेव्हा आम्ही पोरं कुठल्याही डब्यात चढायचो. कुणी म्हटलं नाही की पहिल्याच डब्यात बसा. मित्र ज्या डब्यात, तो आमचा डबा. २००८ साली तो मार्ग रुंद झाला, लहान गाडी गेली. डबे बदलले, मित्र मात्र अजून आठवतात.

तर मग, बार्शीटाकळीच्या भावंडांनो, दिवाळीनंतर मला पत्र हवं. त्या वहीतल्या एका नकाशासकट! आणि तुम्ही, बाकीचे, तुमच्या घरी कोणत्या क्रमावरून भांडण झालं ते कळवा. मिटलं कसं तेही लिहा. चांगली पत्रं इथेच छापू. नाव नको असेल तर तसं लिहा, तुमचा काका गुपित ठेवण्यात पक्का आहे.

आधी दहावीचे पेपर मात्र नंबरानंच द्यायचे हं, दादा. तिथे मधातून सुरुवात नाही!

तुमचाच,
काका